जुन्या घराची वायरिंग आणि तिला हात लावणारा माणूस

बटण बंद केलं तरी दिवा पुरता विझत नाही. अंधारात त्याचा मंद उजेड उरतोच. २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली, नऊ वॅटचे एलईडी बल्ब स्वस्तात घरोघर पोहोचले आणि जुन्या घरांमधून ही तक्रार वरचेवर ऐकू येऊ लागली. बहुतेक जण बल्ब बदलून पाहतात. दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावला की कधी तो उजेड जातो आणि विषय तिथेच मिटतो. तो तसा मिटू देऊ नये. त्या मंद उजेडामागे भिंतीतली एक जुनी चूक असू शकते.

दिव्याकडे दोन तारा जातात, एक फेजची आणि एक न्यूट्रलची. बटण फेजच्या तारेवर असायला हवं, म्हणजे ते बंद केलं की होल्डरपर्यंत वीज पोहोचतच नाही. जुन्या घरांत मात्र कधीतरी कुणीतरी दुरुस्ती करताना तारांची अदलाबदल केलेली असते आणि बटण न्यूट्रलवर जाऊन बसलेलं असतं. दिवा तसाही लागतो आणि तसाही विझतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये २३० व्होल्ट हजर असतात. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बला पेटायला सुमारे पाव ॲम्पियर प्रवाह लागायचा. भिंतीच्या ओलीतून झिरपणाऱ्या कणभर प्रवाहाने त्याची तार गरमही होत नसे. एलईडीला तेवढा कणही मिणमिणायला पुरतो. म्हणून पन्नास वर्षं झाकून राहिलेली चूक आता दिसू लागली आहे.

अशा मिणमिणण्याची निरुपद्रवी कारणंही असतात. बटणात छोटा लाल इंडिकेटर असेल, किंवा दोन तारा लांबवर एकमेकींना लगटून धावत असतील, तरी असं होतं. खरं कारण कोणतं ते जाणकाराला टेस्टर लावून दोन मिनिटांत कळतं. ते कळून घेणं महत्त्वाचं आहे, कारण स्टुलावर चढून बल्ब काढणारा माणूस ‘बटण बंद आहे’ या एकाच भरवशावर हात वर नेत असतो.

महाराष्ट्रातल्या घरांमध्ये वीज एकाच वेळी आली नाही. मुंबईत १९०५ मध्ये बीईएसटी कंपनी स्थापन झाली, खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, आणि खेड्यापाड्यांत खांब उभे राहिले ते मुख्यतः १९६० साली राज्य वीज मंडळ आल्यानंतर. त्यामुळे गिरगावातली चाळ, पुण्याच्या पेठेतला वाडा आणि राजापूरकडचं चिरेबंदी घर यांच्या तारांची वयं निरनिराळी आहेत. शिवाय एकाच घरातही दोन-तीन काळ एकत्र नांदतात. माजघरात सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी ठोकलेली जुनी वायर, मागाहून काढलेल्या खोलीत ॲल्युमिनियमची, आणि न्हाणीघराला गीझर आला तेव्हा ओढलेली तांब्याची.

त्या पट्टीवरच्या कामाबद्दल मला आदर आहे. भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकून, त्यावर पट्टी सरळ रेषेत बसवून, सारख्या अंतरावर क्लिपा मारून केलेलं काम आजही डोळ्यांना सुखावतं. सगळी वायर उघड्यावर असल्यामुळे दोष शोधायलाही ते सोपं. अडचण आहे ती तारेच्या आवरणाची. त्या काळातल्या तारेवर रबराचं आवरण आणि त्यावर सुती विणीचं वेष्टन असे. रबर हवेने आणि उष्णतेने कडक होत जातं. तीस-चाळीस वर्षांनी ते इतकं ठिसूळ होतं की वायर जरा वाकवली तरी खपली निघून आतलं तांबं उघडं पडतं. सगळ्यात वाईट स्थिती दिव्याजवळच्या टोकाची असते. साठ किंवा शंभर वॅटच्या बल्बची धग वर्षानुवर्षं होल्डरमधून वर चढून छताच्या सिलिंग रोजपर्यंतची वायर भाजून काढत आलेली असते. बल्ब बदलून एलईडी लावला की धग थांबते, पण भाजलेलं रबर पुन्हा मऊ होत नाही. म्हणून जुन्या दिव्याच्या जागी नवं झुंबर किंवा पंखा टांगायचा असेल तर त्या टोकाची वायर तशीच ठेवून काम करू देऊ नये. हात लागेपर्यंत ती शांत असते. नवी जोडणी करताना पिळली की तडकते.

ॲल्युमिनियमचं दुखणं वेगळं. तांबं महाग आणि दुर्मिळ होतं त्या काळात पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमची वायर घातली गेली. हा धातू नरम आहे. स्क्रूखाली दाबलेलं त्याचं टोक कालांतराने चपटं होतं आणि पकड सैल पडते. त्यावर हवेने ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. सैल सांध्यातून प्रवाह गेला की तिथे उष्णता निर्माण होते, उष्णतेने सांधा आणखी सैल होतो, आणि एक दिवस बोर्डातून जळका वास येतो. ॲल्युमिनियमला थेट तांब्याची तार पिळून काळी टेप गुंडाळलेली असेल तर दमट हवेत तो सांधा आणखी लवकर कुजतो. समुद्राजवळच्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. घरातल्या विजेच्या आगी तारेच्या मधोमध क्वचित लागतात. त्या सुरू होतात सांध्यात.

आता एक उलटी गोष्ट. जुन्या वायरिंगवर दिव्यांचा भार कमी झाला आहे. तीन खोल्यांत साठ वॅटचे पाच बल्ब म्हणजे तीनशे वॅट. आज तिथे पंचेचाळीस वॅटमध्ये जास्त उजेड पडतो. मग त्या वायरिंगची काळजी का करायची? कारण दिव्याच्या वायरवर आता दिवे सोडून बाकी सगळं चालतं. जुन्या दिव्याच्या बोर्डावर पाच ॲम्पियरचा एक प्लगपॉइंट असायचा, रेडिओ किंवा टेबलफॅनसाठी. त्याच पॉइंटला आज कन्व्हर्टर लावून इस्त्री, इंडक्शन शेगडी, प्रसंगी गीझरसुद्धा जोडला जातो. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी बोर्ड बदलून सोळा ॲम्पियरचा ऐटबाज सॉकेट बसवलेला असतो आणि मागे भिंतीत तीच जुनी वायर असते. दुकानदार आणि जुने मिस्त्री तिला अजून ‘तीन-बावीस’ किंवा ‘एक-अठरा’ म्हणतात. म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा किंवा अठरा गेजची एक. दोन्हींत तांबं भरतं जेमतेम १.२ चौरस मिलिमीटर. २००० वॅटचा गीझर ८.७ ॲम्पियर ओढतो, त्याच वेळी हजार वॅटची इस्त्री लावली की आणखी ४.३. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. नव्या पीव्हीसी तारेला हे थोडा वेळ सोसेल. पट्टीवरच्या सुकलेल्या रबराला सोसणार नाही.

हे थांबवायलाच फ्यूज असतो. किटकॅट फ्यूजमधली बारीक तार घरातल्या वायरआधी वितळावी एवढंच तिचं काम. पण ती दोनदा गेली की घरातलं कुणीतरी वायरचे चार केस पिळून तिथे बांधतं. त्यानंतर वितळायची पाळी भिंतीतल्या वायरची. जुन्या घरात शिरल्यावर चांगला इलेक्ट्रिशियन सगळ्यात आधी फ्यूज बाहेर काढून बघतो, कारण घराने गेल्या वीस वर्षांत काय सोसलं ते त्या तारेच्या जाडीवरून समजतं.

अर्थिंगकडे तर बहुतेक जुन्या घरांत पाहायची सोयच नसते, कारण दिव्याच्या वायरिंगला तिसरी तार घातलेलीच नसते. जिथे अर्थिंग होतं तिथेही पुष्कळ ठिकाणी ती तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. पाइप जमिनीत जायचा, तेवढ्यावर काम भागायचं. पुढे नळ बदलले आणि प्लॅस्टिकचे पाइप आले. अर्थची तार जिथल्या तिथे दिसते, पण ती आता जमिनीपर्यंत पोहोचत नाही. चाळीत हे अधिक धोक्याचं: एका खोलीतल्या बिघडलेल्या फ्रिजची वीज उरल्यासुरल्या लोखंडी पाइपमधून शेजारच्या खोलीतल्या नळाला येऊ शकते. फ्रिजला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पायाखाली लाकडी पाट ठेवून दिवस ढकलू नयेत. तिसरी तार कुठवर जाते ते त्याच आठवड्यात तपासून घ्यावं.

याहून घातक असा एक उपाय सर्रास केला जातो. अर्थ नाही म्हणून सॉकेटमधली अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून टाकतात. यंत्र चालतं, टेस्टर पेटत नाही, घरमालक समाधानी होतो. पण वाटेत कुठे न्यूट्रल तुटला तर त्या यंत्राच्या संपूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. असा जोड सुचवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

नवा डिस्ट्रिब्युशन बोर्ड बसवताना एमसीबी आणि आरसीसीबी हे दोन शब्द कानावर येतात, आणि एक असला की दुसऱ्याची गरज नाही असा समज फार पसरलेला आहे. दोघांची कामं पूर्ण वेगळी आहेत. एमसीबी वायरला वाचवतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो. पण माणूस मरायला लागणारा प्रवाह फार थोडा असतो. साठ वॅटच्या एका बल्बमधून जेवढा वाहतो तेवढा छातीतून गेला तर जीव जायला पुरतो, आणि सहा ॲम्पियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परतला की नाही हे अखंड ताडून पाहतो. तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी तेवढा फरक पडायच्या आत, क्षणभरात वीज तोडतो. फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा एकदम धरल्या तर तोही वाचवू शकत नाही. तरीही जुन्या घरात एकच सुधारणा परवडत असेल तर ती हीच करावी, असं माझं ठाम मत आहे.

मात्र जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो वरचेवर पडतो, आणि इथेच इलेक्ट्रिशियनची खरी परीक्षा होते. पडण्यामागे बहुधा जुनी पापं असतात. रबर फुटून भिंतीत वीज झिरपत असते. कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात. दोन मजली घरात जिन्यातला दिवा हा नेहमीचा संशयित. त्याला खाली एक आणि वर एक अशी दोन बटणं असतात. वायर वाचवायला मिस्त्रीने फेज खालच्या मजल्यावरून आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरून घेतलेला असतो. साध्या फ्यूजना ते खपून गेलं. वर-खाली वेगवेगळे आरसीसीबी बसवले की खालच्याला दिसतं, प्रवाह बाहेर गेला पण परत आला नाही. आणि जिन्यातला दिवा लावताक्षणी घर अंधारात जातं. इलाज सोपा आहे: त्या दिव्याचा न्यूट्रल खालून नव्याने ओढायचा. पण त्यासाठी दोष शोधत बसावं लागतं. आळशी माणूस ‘तुमच्या घराला हे चालत नाही’ म्हणतो आणि आरसीसीबीला बगल देऊन थेट जोडणी करतो. बोर्डात तो रुबाबात दिसत राहतो, काम शून्य.

सगळी वायरिंग बदलायची म्हणजे सगळ्या भिंती फोडायच्या अशी भीती लोकांना असते. वाड्याच्या मातीच्या भिंतीत तर झिरी पाडूच नये. भिंत ढासळते आणि पावसाळ्यात ओल थेट पाइपात शिरते. तिथे पीव्हीसीची केसिंग-केपिंग पट्टी तुळईच्या कडेने नेली तर काम नेटकं दिसतं आणि पुढेमागे उघडताही येतं. अर्थिंग आणि बोर्ड आधी करावा, मग स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, मग दिवे. पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर हा क्रम सोयीचा. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, पॉवरच्या सॉकेटना अडीच, गीझर आणि एसीला चार, हा बाजारातला रूढ हिशोब ठीक आहे. दुकानात त्याला नुसतं ‘दीड एमएम, अडीच एमएम’ म्हणतात. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा, असं भारतीय मानकांचं सांगणं आहे. घर लहान असलं तरी दिव्यांची दोन सर्किटं ठेवावीत. एक पडलं तर दुसऱ्याच्या उजेडात बोर्डापर्यंत जाता येतं. आणि प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची हिरवी तार न्यावीच, आज प्लॅस्टिकचा होल्डर असला तरी. उद्या तिथे धातूची फिटिंग लागेल.

आता माणूस निवडण्याविषयी. खेड्यात ‘वायरमन’ म्हटलं की महावितरणचा खांबावर चढणारा कर्मचारी डोळ्यांपुढे येतो आणि घरातलं कामही ओळखीने त्यालाच सांगितलं जातं. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत. पुढची वायरिंग घरमालकाची. कायद्याप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, बटण असं किरकोळ बदलणं सोडलं तर घरातली नवी वायरिंग, वाढीव काम आणि दुरुस्ती राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायची असते. प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा आणि काम प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, आणि ते शिकून बाहेर पडलेली मुलं तालुक्याच्या गावीही भेटतात. परवाना क्रमांक विचारायला संकोच वाटतो, विशेषतः माणूस ओळखीचा असला की. पण ज्याच्याकडे तो असतो त्याला हा प्रश्न खटकत नाही.

परवाना असला म्हणजे काम चांगलंच होईल असं मात्र नाही, म्हणून पहिल्या भेटीत तो काय करतो ते बघावं. दारातूनच ‘पॉइंटामागे इतके’ असा दर सांगणारा माणूस घर न पाहता बोलतो आहे. जो मीटरपासून सुरुवात करतो, मुख्य स्विच उघडतो, एक-दोन बोर्डांचे स्क्रू काढून मागच्या तारा पाहतो, घरात कोणकोणती यंत्रं आहेत आणि पुढे एसी घ्यायचा विचार आहे का असं विचारतो, त्याचा दर थोडा जास्त असला तरी काम त्यालाच द्यावं. त्याला एक प्रश्न जरूर करावा: तुमच्याकडे मेगर आहे का? हे उपकरण तारेवर ५०० व्होल्टचा दाब देऊन आवरणातून किती वीज झिरपते ते मोजतं. फेज-न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला रोध किमान एक मेगओहम भरायला हवा. त्याहून कमी आला तर ती वायर बाहेरून कितीही धडधाकट दिसली तरी बाद. मेगर लावण्याआधी एलईडी बल्ब आणि यंत्रं काढून ठेवावी लागतात. तो हे आपणहून म्हणाला तर त्याला काम कळतं. नुसत्या टेस्टरवर जुन्या घराचं निदान करणाऱ्याला जुनी वायर ‘चालेल’ किंवा ‘बदला’ म्हणायला काहीच आधार नसतो.

अंदाजपत्रक लेखी घ्यावं. पॉइंट किती, कोणत्या जागी, वायर कोणत्या कंपनीची आणि किती एमएम, अर्थिंगचा खड्डा धरला आहे का, फोडलेल्या भिंतीचा गिलावा कोण करणार, हे त्यात असावं. गिलाव्यावरून होणारी भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत. माल स्वतः आणायचा की त्याच्याकडून घ्यायचा, दोन्ही चालतं. पण वायरच्या बंडलवर आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक असावा, आणि तो क्रमांक खरा आहे का हे बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतं. नामवंत नावांशी मिळतीजुळती नावं लावून कमी तांब्याची वायर विकली जाते, आणि आत कमी पडलेलं तांबं भिंत लिंपल्यावर कुणालाच दिसत नाही. सगळे पैसे आधी देऊ नयेत. लिंपण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवावेत, शेजारी मोजपट्टी धरून. दहा वर्षांनी खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात.

काम संपलं की त्याच्यासमोर उभं राहून तीन गोष्टी करून घ्याव्यात. आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबावं. तो लगेच पडला पाहिजे, आणि पुढेही महिन्यातून एकदा हे घरच्या कुणीही करावं. प्रत्येक एमसीबी एकेक करून पाडून कोणता कोणत्या खोलीचा ते बोर्डाच्या झाकणाआत लिहून घ्यावं. प्रत्येक दिव्याचं बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावायला त्याला सांगावं; एकही पेटता कामा नये. त्यानंतर परवान्याच्या क्रमांकासह चाचणी अहवाल मागून घ्यावा. नव्या वायरिंगबरोबर गीझर, एसी असा भार वाढला असेल तर वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तिथे हाच अहवाल जोडायचा असतो.